पुळणी परतल्या, प्रवाळांचे काय? अंदमानच्या समुद्राचा बेंगळुरूत चाललेला हिशेब

बेंगळुरू : समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरूला समुद्र नाही. पूर्वेचा चेन्नईचा किनारा असो वा पश्चिमेचा मंगळूरचा, अंतर तीनशे किलोमीटरांच्या घरात जाते. असे असूनही समुद्राखाली उतरण्याची हौस बाळगणाऱ्यांची संख्या या शहरात लक्षणीय आहे. प्राथमिक धडे शहरातल्याच तरणतलावात गिरवायचे, शनिवार-रविवार साधून मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी पहिली बुडी घ्यायची आणि मग हिवाळ्यात विमानाने अंदमान गाठायचे, हा येथील अनेक हौशी पाणबुड्यांचा परिचित क्रम आहे.

याच शहरातून अंदमानला जाणारा आणखी एक वर्ग आहे. भारतीय विज्ञान संस्था, नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस, दक्षिण फाउंडेशन अशा संस्थांशी संबंधित संशोधकांचा हा वर्ग पाण्यात उतरतो तो मोजपट्टी आणि पाण्याखाली लिहिता येईल अशी पाटी घेऊन. रंगीत मासे त्यांनाही दिसतात, परंतु त्यांचे लक्ष मुख्यतः तळाशी असते. दर मीटरमागे जिवंत प्रवाळ किती, मृत किती, नव्याने रुजलेले किती, याची मोजणी ते करतात आणि काही वर्षांनी त्याच जागी परत येऊन पुन्हा करतात.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारचे किनारे आणि सागरतळ सावरले काय, या प्रश्नाला या दोन वर्गांकडून वेगवेगळी उत्तरे मिळतात. सुट्टीहून परतलेला पर्यटक सांगतो की त्सुनामीची खूणही आता दिसत नाही. संशोधकांच्या नोंदी सांगतात की काही भाग सावरला, काही भाग सावरत असतानाच नव्या संकटात सापडला आणि काही भाग पूर्वीच्या रूपात परत येण्याची शक्यता नाही. ही दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. त्यांच्यात एवढे अंतर का, हे समजण्यासाठी प्रथम त्या सकाळी नेमके काय घडले ते पाहावे लागेल.

लाट आली, पण त्याआधी जमीन हलली

सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली भूकंप झाला. त्याची तीव्रता ९.१ किंवा त्याहून अधिक असल्याचे नंतर निश्चित करण्यात आले. भूकवचाला पडलेली फट सुमात्रापासून उत्तरेकडे निकोबार आणि अंदमानच्या खालून सुमारे १,३०० किलोमीटर उलगडत गेली. बेटांवरील लोकांना लाटेची आठवण राहिली, आणि ते स्वाभाविकच आहे. अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता व्यक्तींची अधिकृत संख्या साडेतीन हजारांच्या आसपास आहे. सागरी जीवसृष्टीच्या दृष्टीने मात्र लाटेपेक्षाही मोठी घटना त्याआधी काही मिनिटे घडून गेली होती. बेटांची जमीनच कलली होती.

उत्तर आणि मध्य अंदमानचा पश्चिम किनारा, तेथील इंटरव्ह्यू बेट आणि दक्षिणेकडील नॉर्थ सेंटिनल बेट हा पट्टा एक ते दीड मीटर वर उचलला गेला. याउलट पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) सुमारे एक मीटर खाली गेले. निकोबारमध्ये जमीन आणखी खचली. भारताचे दक्षिण टोक असलेल्या ग्रेट निकोबारमधील इंदिरा पॉइंट येथे ही घट सव्वाचार मीटरपर्यंत असल्याचे सांगितले जाते. तेथील दीपगृह एकेकाळी कोरड्या जमिनीवर उभे होते. त्सुनामीनंतर त्याचा पाया समुद्रात गेला. ट्रिंकेट बेटाचे तर तुकडेच झाले.

एक मीटर हे अंतर कानाला किरकोळ वाटते. प्रवाळांच्या बाबतीत ते जीवनमरणाचे असते. प्रवाळभित्तीचा वरचा सपाट भाग सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपर्यंतच वाढू शकतो, कारण त्यावर गेल्यास प्रवाळ उघडे पडून उन्हात सुकतात. पोर्ट ब्लेअरच्या परिसरात भरती-ओहोटीतील कमाल फरक साधारण दोन मीटरांचा आहे. त्यामुळे भित्ती मीटरभर उचलली गेली की दर ओहोटीला ती तासन्‌तास पाण्याबाहेर राहते. उत्तर अंदमानात हेच झाले. शतकानुशतके वाढलेल्या भित्तींचे माथे एका सकाळीत कोरडे पडले आणि काही दिवसांतच मृत झाले. नॉर्थ सेंटिनलभोवतालची उथळ भित्तीही अशीच उघडी पडली. तेथील आदिवासी उथळ पाण्यातील मासळीवर अवलंबून असल्याने त्यांच्या दृष्टीने हा बदल लाटेइतकाच मोठा असणार. परंतु बेटावर जाण्यास बंदी असल्याने याविषयी बाहेरच्या जगाला हवाई छायाचित्रांपलीकडे फारशी माहिती नाही, आणि ती बंदी योग्यच आहे.

या उलथापालथीचे चित्र प्रथम स्पष्ट झाले ते अवकाशातून. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००३ मध्ये सोडलेला ‘रिसोर्ससॅट-१’ हा उपग्रह त्या वेळी कार्यरत होता. त्याने त्सुनामीपूर्वी आणि नंतर टिपलेल्या प्रतिमा शेजारी-शेजारी ठेवून कोणती भित्ती वर आली, कोणती खारफुटी पाण्याखाली गेली, कोणती पुळण नाहीशी झाली, याचे नकाशे तयार करण्यात आले.

वाळूला परतायची घाई असते

पुळणी लवकर परतल्या याचे कारण वाळूच्या स्वभावात आहे. मोठी लाट किनाऱ्याची वाळू ओढून नेते. त्यातील काही भाग खोल समुद्रात गेला तरी बरीचशी वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उथळ पाण्यात विसावते. पुढील शांत ऋतूंतील लहान लाटा ती थोडीथोडी करून परत आणून टाकतात. कोकणातील रहिवाशांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात खरवडून निघालेली पुळण दिवाळीनंतर पुन्हा भरू लागते, हे ते दर वर्षी पाहतात. त्सुनामीनंतर तेच मोठ्या प्रमाणावर आणि काही वर्षांच्या अवधीत घडले.

जेथे जमीन खचली तेथे पुळण जुन्या जागी येऊ शकली नाही. समुद्र आत आला, किनाऱ्यावरचे वृक्ष खाऱ्या पाण्याने वाळले आणि त्यांच्या ओंडक्यांमधून, अधिक आतल्या बाजूस, नवी पुळण तयार झाली. ज्याने पूर्वीचा किनारा पाहिला नाही त्याला ती जुनीच वाटते.

अंदमानची पांढरी वाळू बहुतांशी सजीवांपासून बनलेली असते हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे तुकडे, चुनखडीयुक्त शैवले आणि पोपटमाशांची विष्ठा यांचा तीत मोठा वाटा असतो. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडतो, त्यावरील शैवल पचवतो आणि खडकाचा चुरा बाहेर टाकतो. याचा अर्थ असा की किनाऱ्यावर परतलेली वाळू ही जुन्या ठेवीतून आलेली आहे. त्या ठेवीत नवी भर पडायची तर पाण्याखालची भित्ती आणि तीवरील मासे दोन्ही टिकायला हवेत.

पर्यटकांचे पुनरागमन

वाळूहूनही वेगाने पर्यटक परतले. त्सुनामीच्या वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, बेटांना भेट देणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर होती. २००५ मध्ये ती तीस हजारांच्या आसपास घसरली. २००६ मध्ये तिने पुन्हा लाखाचा टप्पा ओलांडला. केंद्रीय कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीत विमानाने अंदमानला जाण्याची मुभा मिळाल्याने या वाढीला मोठा हातभार लागला. सेल्युलर कारागृह आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी यांमुळे महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा ओघ पूर्वीपासूनच होता, तोही पुन्हा सुरू झाला. २०१० च्या दशकाच्या अखेरीस वार्षिक संख्या पाच लाखांच्या जवळ पोहोचली होती.

यांपैकी समुद्राखाली उतरणाऱ्यांचे मुख्य केंद्र हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप) हे आहे. येथील राधानगर पुळणीला ‘टाइम’ या साप्ताहिकाने २००४ मध्येच आशियातील सर्वोत्कृष्ट ठरवले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्सुनामी यावी हा दैवदुर्विलास म्हणायचा. मात्र दक्षिण अंदमानच्या पूर्वेकडील या द्वीपसमूहात लाटेचा जोर तुलनेने कमी राहिला. २०२० मध्ये राधानगरला स्वच्छ किनाऱ्यांसाठी दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले.

पाणबुड्यांच्या आवडत्या जागा बचावण्यामागे भौतिकशास्त्रातील एक साधे कारणही आहे. खोल पाण्यात त्सुनामीची उंची अल्प असते. ती वाढते आणि विध्वंसक होते ती उथळ किनाऱ्याशी आल्यावर. पंधरा-वीस मीटर खोलीवरच्या भित्तींना धोका असतो तो प्रामुख्याने किनाऱ्यावरून ओढून आणलेल्या ओंडक्यांचा, दगडांचा आणि गाळाचा. त्यामुळे एकाच बेटाच्या एका बाजूची भित्ती भग्न आणि दुसऱ्या बाजूची जवळपास अक्षत, असे दृश्य अनेक ठिकाणी आढळले. आग्नेय आशियातही हाच अनुभव आला. अँड्र्यू बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांताच्या भित्तींची पाहणी करून २००५ मध्ये असा निष्कर्ष मांडला की त्सुनामीने प्रवाळांची केलेली हानी अपेक्षेपेक्षा मर्यादित होती. विध्वंसक मासेमारीने आधीच केलेले नुकसान त्याहून मोठे होते.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हॅवलॉकच्या पाण्यात बुडी घेऊन ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणारा पर्यटक ज्या भित्ती सर्वाधिक उद्ध्वस्त झाल्या त्यांच्याजवळही गेलेला नसतो. निकोबारची बहुतांश बेटे आदिवासी राखीव क्षेत्रात मोडतात, तेथे पर्यटनाला परवानगी नाही. उत्तर अंदमानचा पश्चिम किनाराही पर्यटकांच्या वाटेवर येत नाही. डायव्हिंगच्या व्यवसायाची प्रकृती आणि द्वीपसमूहातील प्रवाळांची प्रकृती या म्हणूनच एक नव्हेत.

सावरणे म्हणजे काय

मृत झालेली भित्ती पुन्हा जिवंत होते ती दोन मार्गांनी. तगून राहिलेले तुकडे वाढतात, किंवा प्रवाहाबरोबर वाहत आलेली प्रवाळांची सूक्ष्म पिले तळावर चिकटून नवी वसाहत सुरू करतात. पिलांना चिकटायला घट्ट आणि स्वच्छ पृष्ठभाग लागतो. लाटेने मोडलेल्या प्रवाळांचा सैल ढिगारा प्रत्येक वादळात गडगडत राहिला तर त्यावर रुजलेली पिले चिरडली जातात. वरून गाळ पडत राहिला तर ती गुदमरतात. दक्षिण अंदमानात जेथे शेतजमिनी खचून समुद्राखाली गेल्या तेथे माती पाण्यात मिसळत राहिली, हे या संदर्भात महत्त्वाचे ठरते.

वेगाचा प्रश्न वेगळाच आहे. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकतात, त्यामुळे पाच-सात वर्षांत तळ पुन्हा भरलेला दिसतो. मोठ्या गोलाकार शिळांसारखे प्रवाळ मात्र वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. दोन मीटर उंचीची अशी एक शिळा म्हणजे दोन शतकांची बेगमी. ती गमावली तर तिच्या जागी आलेला फांद्यांचा ताटवा छायाचित्रात सुंदर दिसतो, पण वादळात आणि उष्णतेत तोच आधी बळी पडतो.

खचलेल्या जमिनीवरही नवी सृष्टी उभी राहिली. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाट येथील भातखाचरांत समुद्राचे पाणी शिरले आणि ती कायमची पाणथळ झाली. शेतकऱ्यांचे त्यात मोठे नुकसान झाले, पक्ष्यांना मात्र नवे खाद्यस्थान लाभले. याहून विलक्षण कथा एका माशाची आहे. पुण्यातील ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण गटाशी संबंधित राहिलेले अभ्यासक पंकज सेखसरिया यांनी २००९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद केली. दूधमासा म्हणून ओळखला जाणारा हा मासा पूर्वी अंदमानच्या बाजारात क्वचितच दिसे. भूकंपानंतर तो अचानक मुबलक मिळू लागला आणि लोकांनी त्याला सरळ ‘त्सुनामी मच्छी’ असे नाव देऊन टाकले. निसर्ग पूर्वस्थितीला येतोच असे नाही. पुष्कळदा तो नव्या स्थितीत स्थिरावतो, आणि बाजाराला ते वैज्ञानिकांच्या आधी कळते.

निकोबार : माणसे सावरल्याखेरीज भित्ती कशी सावरेल?

निकोबारमधील अभ्यासाने या विषयाला आणखी एक पदर जोडला. वर्धन पाटणकर, एलरिका डिसूझा, तेरेसा अल्कोवेरो आणि मैसूरस्थित नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर यांचा याविषयीचा शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निकोबारी समाजात समुद्राच्या वापराचे स्वतःचे नियम होते. कोणत्या काळात कोठे मासेमारी करू नये, कोणत्या जागेवर कोणाचा अधिकार, कोणता जीव मारणे निषिद्ध, हे परंपरेने ठरलेले असे. त्सुनामीसारख्या आघातांनंतर या व्यवस्थेची झीज झाल्याचे या संशोधकांना आढळले.

हे समजण्यासारखे आहे. त्सुनामीत किनाऱ्यावरची संपूर्ण गावे गेली, जाणती माणसे गेली. वाचलेल्यांना नव्या वसाहतींत हलवण्यात आले. मदतकार्याबरोबर यांत्रिक होड्या आणि नवी जाळी आली. भुकेल्या आणि बेघर झालेल्या लोकांना ती देणे चूक होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही परिणाम असा झाला की मासेमारीची क्षमता वाढत असतानाच तिच्यावर मर्यादा घालणारे जुने नियम सैल झाले. भित्ती सर्वांत दुबळी असतानाच तिच्यावरचा भार वाढला. पोपटमाशांसारखे शैवलभक्षक मासे कमी झाले की मृत प्रवाळांवर शैवलांचा थर चढतो आणि नव्या पिलांना जागा उरत नाही.

अंदमानातही मासळीचा व्यापार वाढला. कोकणात हेकरू म्हणतात त्या जातीच्या माशांना बाहेरच्या बाजारपेठेत चांगला भाव मिळतो. हे मासे संथ वाढतात आणि उशिरा प्रजननक्षम होतात, त्यामुळे उपसा वाढल्यास त्यांची संख्या लवकर घटते. पाणबुड्यालाही पाहायचा असतो तो नेमका हाच मोठा मासा. पर्यटन आणि मासेमारी यांचे हितसंबंध या एका माशापाशी समोरासमोर येतात.

कासवांनी शोधलेले नवे किनारे

पुळण खरोखर सावरली की नाही, याची सर्वांत कठोर परीक्षा घेणारा प्राणी म्हणजे लेदरबॅक कासव. जगातील या सर्वांत मोठ्या सागरी कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, वाळूत खोल खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात परतते. वाळू कमी खोल असेल, भरतीचे पाणी खड्ड्यापर्यंत पोहोचत असेल किंवा वाटेत ओंडके पडलेले असतील, तर तिचा फेरा वाया जातो.

ग्रेट निकोबारमधील गालाथिया येथील पुळण त्सुनामीपूर्वी या कासवांसाठी विख्यात होती. २००४ च्या त्या सकाळी तेथील कासव-निरीक्षणाची छावणी लाटेत वाहून गेली आणि कासवांवर काम करणाऱ्या मंडळींनाही तेथे प्राण गमवावे लागले. पुळणही गेली. त्यानंतर संशोधकांनी लिटल अंदमान बेटावर लक्ष केंद्रित केले. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक कार्तिक शंकर आणि दक्षिण फाउंडेशनमधील त्यांचे सहकारी, वांडूर येथील अंदमान-निकोबार पर्यावरण पथक आणि वन विभाग यांच्या सहभागाने तेथील साउथ बे आणि वेस्ट बे या पुळणींवर २००८ च्या सुमारापासून नियमित मोजणी सुरू झाली. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात रात्री पुळणीवर गस्त घालणे आणि पहाटे वाळूतील माग मोजणे असे या कामाचे स्वरूप आहे.

कासवे परतली होती. किंबहुना ती गेलीच नव्हती. एक मादी दोन-तीन वर्षांतून एकदा अंडी घालण्यास येते आणि मधला काळ ती महासागरात असते. त्सुनामी आली तेव्हा बहुसंख्य माद्या दूर खोल पाण्यात सुरक्षित होत्या. त्यांना हवी होती ती फक्त नवी वाळू, आणि ती काही वर्षांत तयार झाली. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात यांपैकी काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्यात आली. काही कासवे आग्नेयेला ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेली, तर काहींनी पश्चिमेला आफ्रिकेची वाट धरली. त्यांतील एक नऊ महिन्यांहून कमी काळात तेरा हजारांपेक्षा अधिक किलोमीटर पोहत मोझांबिकजवळ पोहोचली. तिचा प्रवास बेंगळुरूतील संगणकाच्या पडद्यावर ठिपक्याठिपक्याने उमटत होता.

गालाथियाची पुळणही पुढे नव्याने तयार झाली आणि तेथे लेदरबॅकची घरटी पुन्हा मोठ्या संख्येने आढळू लागली. मात्र या सावरलेल्या पुळणीचे भवितव्य आता निसर्गावर अवलंबून राहिलेले नाही. ग्रेट निकोबारमधील नियोजित बंदर याच उपसागरात होणार असून, त्यासाठी गालाथिया उपसागर अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. कासवांच्या ये-जा करण्यासाठी मार्ग मोकळा ठेवण्यात येईल, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले आहे. पर्यावरण क्षेत्रातील अनेकांना ते पुरेसे वाटत नाही. दीड दशकात समुद्राने स्वतः घडवलेली पुळण दुसऱ्या जागी हलवता येत नाही, हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे.

हजार वर्षांचे संकट आणि सहा वर्षांचे संकट

भूकंपाने भित्ती मृत होणे ही घटना बेटांच्या इतिहासात पहिल्यांदा घडलेली नाही. भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत कार्यरत असलेल्या कुसला राजेंद्रन यांनी अंदमानचे उचललेले व खचलेले किनारे आणि पूर्व किनाऱ्यावरील गाळाचे थर तपासले. २००४ सारखीच मोठी घटना सुमारे हजार वर्षांपूर्वी घडून गेली असावी, असे पुरावे त्यांनी मांडले. हजार वर्षांचा अवकाश प्रवाळांना पुरेसा असतो. दोनशे वर्षांची शिळा त्या काळात पाच वेळा वाढून होते. अंदमानच्या भित्ती अशा आघातांतून गेल्या आहेत आणि पुन्हा उभ्याही राहिल्या आहेत.

त्यांना झेपत नाही ती वारंवार येणारी उष्णता. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. प्रवाळाचा रंग त्यांच्यामुळे असतो आणि त्याचे बहुतांश अन्नही त्यांच्याकडून मिळते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी काही आठवडे अधिक राहिले तरी हे सहजीवन मोडते, शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. यालाच प्रवाळांचे विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ वाचतो, एरवी उपासमारीने मरतो.

१९९८ मध्ये जगभर असे विरंजन झाले. नंतर २०१० मध्ये, म्हणजे त्सुनामीनंतरची नवी पिढी जेमतेम पाच वर्षांची झालेली असताना, अंदमानचे पाणी तापले. दक्षिण अंदमानात काही ठिकाणी निम्म्याहून अधिक प्रवाळ पांढरे पडले. लाटेतून बचावलेल्या खोल भित्तींनाही या वेळी आडोसा नव्हता. शेजारच्या थायलंडने तर आपल्या अंदमान समुद्रातील आणि आखातातील अठरा डायव्हिंग स्थळे जानेवारी २०११ मध्ये पर्यटकांसाठी बंद केली. त्सुनामीनंतर ज्या देशाने पर्यटकांना परत बोलावण्याची शिकस्त केली होती, त्यानेच सहा वर्षांनी त्यांना थांबा म्हटले. २०१६ मध्ये पुन्हा उष्णतेची लाट आली. एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जाहीर केले.

दोन आघातांमधले अंतर घटत गेल्यावर काय होते, याचे उत्तर अरबी समुद्रातील लक्षद्वीपमध्ये मिळते. तेथे त्सुनामीने प्रवाळांची उल्लेखनीय हानी केली नव्हती, त्यामुळे उष्णतेचा परिणाम स्वतंत्रपणे पाहता येतो. रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांच्या भित्तींची १९९८ पासून मोजणी करत आले आहेत. जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. प्रत्येक आघातात मरणाऱ्या प्रवाळांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी होत गेले, कारण नाजूक प्रवाळ आधीच गेले होते. तरीही सावरण्याचा वेग वाढला नाही. उष्णतेची लाट न येता साधारण सहा वर्षे मिळाली तरच भित्ती जोमाने भरू लागते, असे या दीर्घ मोजणीतून दिसून आले.

या सहा वर्षांत स्थानिक पातळीवर करण्याजोगे बरेच काही आहे. बोटींनी प्रवाळांवर नांगर टाकण्याऐवजी कायम बांधलेल्या तरंडांना दोर लावणे, सांडपाणी आणि बांधकामाची माती समुद्रात जाऊ न देणे, शैवलभक्षक माशांच्या मासेमारीवर मर्यादा घालणे, शिकाऊ पाणबुड्यांना उथळ भित्तीवर न नेता प्रथम वाळूच्या तळावर सराव देणे, हे उपाय माहितीतले आहेत आणि महागडेही नाहीत. बेंगळुरूच्या तरणतलावात तरंगण्याचा तोल नीट साधलेला पाणबुडा अंदमानात प्रवाळांवर पाय टेकत नाही, एवढी साधी गोष्टही हिशेबात धरावी लागते. पाण्याचे तापमान मात्र यांपैकी कशानेही उतरत नाही.

२०२४ नंतरची सहा वर्षे २०३० मध्ये पूर्ण होतील, अर्थात मधल्या एखाद्या एप्रिल-मेमध्ये समुद्र पुन्हा तापला नाही तर. तोपर्यंत पाटी आणि मोजपट्टी घेऊन त्याच जागांवर उतरण्याचे काम सुरू राहणार आहे.